चादरीखालची मशीन

हिंदी मुलखातल्या गढा भागात, आमच्या गल्लीत समोर राहणाऱ्या दीदीनं मला वाचवलं, हे आधी सांगते. कारण त्या दिवशी ऐन वेळी माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावरच होता.

मी अमरावतीकडची. शाळा सातवीत सुटली, लग्नानं इथं आणलं. सरकारी योजनेत शिलाई शिकले, वर एक मशीन मिळाली. फुकट. म्हणूनच सहा वर्षं ती भीतभीत चालवली; कोणीतरी परत मागायला येईल असंच वाटायचं.

मग गल्लीत बोंब उठली, पाहणीवाले येऊन राहिले, ज्याच्या घरी कमाईचं साधन दिसेल त्याचं नाव राशनमधून कटेल. घरात खाणारी चार तोंडं. मी मशीन उचलली आणि दीदीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, वर चादर.

दुपारी टॅबलेट घेऊन एक मुलगी आली. "योजना में मशीन मिली थी ना? कहाँ है?"

"नहीं है."

"बेच दी?"

तिचं बोट स्क्रीनकडे गेलं. विकली असं लिहिलं तर मशीनच्या पैशांची वसुली मागे लागणार, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं.

"बिकी नहीं है," दारातून दीदी बोलली. "मेरे यहाँ रखी है. चलो, दिखाती हूँ."

हिनं काहून तोंड उघडलं? सुनेसाठी मशीन हवी असेल हिला, असंही वाटून गेलं.

मुलीनं चादर काढली. सुईखाली अर्धा शिवलेला ब्लाऊज तसाच अडकलेला.

"ये किसका है?"

"मेरा! पंद्रह दिन से लटका रखा है इसने. महारानी को फुरसत कहाँ!"

मुलगी हसली, फोटो काढला. मग विचारलं, "ज़िंदगी में सुधार हुआ?"

हो म्हटलं तर राशन जाईल, नाही म्हटलं तर मशीन. मी दीदीकडे पाहिलं.

"डरती काहे को है? जो है सो बोल."

"हुआ," मी म्हटलं. "पर राशन के बिना नहीं चलेगा. ये भी लिखो."

तिनं लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

राशनमधलं नाव अजून आहे. तरी दर महिन्याला दुकानात अंगठा लावताना धडधडतं. दीदीला विधवा पेन्शन मिळते. तिच्याही दारी एक दिवस असंच कोणी विचारत येईल. तेव्हा हातातलं काम टाकून मी तिच्या बाजूला उभी राहीन, कितीही भीती वाटली तरी. तिला हे बोलले नाही अजून. पण ठरवलंय.