तबकडीतली निळी बुलेट

माझा थोरला भाऊ मानवतला मोटरसायकली दुरुस्त करायचा. धान्याच्या मोंढ्यामागं, कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीला टेकून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. राजदूत, येझदी, लुना, जे येईल ते तो खोलायचा. पण चार गावांत त्याला ओळखायचे ते गाण्यामुळं. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत तो पेटी वाजवायचा आणि गायचाही. गाणी बरीचशी त्यानंच जुळवलेली असायची.

अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली, तेव्हा पार्टी वर्षभर कुठंच गेली नाही. मग हळूहळू बोलावणी येऊ लागली. जयंती असायची, विद्यापीठाच्या नामांतराच्या सभा असायच्या. कुठल्या गावातून दिवस मावळायच्या आत निघायचं हे दादाला पाठ झालं होतं, आणि म्हणूनच त्याला शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहायचं नव्हतं. एका ठेकेदाराची मोडकी बुलेट भंगारात जायला निघाली होती, ती त्यानं आणली आणि पार्टीसाठी गाडी करायला घेतली.

हे काम त्याला पावणेदोन वर्षं पुरलं. मागची चासी कापून ती हातभर लांब करून घेतली. सीटच्या मागं लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, त्यात पेटी उभी बसायची. डाव्या बाजूला ढोलकी अडकवायचा आकडा, त्याला सायकलच्या ट्यूबचं अस्तर. उजव्या बाजूला त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी बसवली, कारण बुलेटच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर चालत नव्हता. सगळ्यात मागं लोखंडी पाइप आणि त्यावर भोंगा. बॅटरीच्या वजनानं गाडी उजवीकडं ओढायची. दादा म्हणायचा, ढोलकीवाला जाड आहे, त्याला जरा डावीकडं सरकवून बसवलं की झालं. रंग निळा दिला. टाकीवर पार्टीच्या नावाची अक्षरं मी ब्रशनं काढली. माझं अक्षर चांगलं म्हणून मला खास बोरीहून बोलावून घेतलं होतं. मी बोरीला शाळेत बाई होते.

नामांतर व्हायच्या दोन वर्षं आधीच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. दुपारी दादाचा निरोप आला की इंग्रजी बोलायला कुणीतरी पाहिजे, लगेच ये. दुकानासमोर उन्हानं लाल झालेला एक गोरा माणूस बसला होता. तो हॉलंडचा. हैदराबादेत जुनी बुलेट विकत घेऊन वेरूळकडं निघाला होता आणि मानवतजवळ त्याच्या गाडीच्या क्लच प्लेटा जळाल्या होत्या. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच शिकून आलेलं होतं, त्यामुळं आमचं बरं जमलं. त्याची गाडी दुरुस्त होत होती, पण त्याचं लक्ष तिकडं नव्हतंच. तो दादाच्या निळ्या बुलेटभोवती फिरत होता, खाली वाकून जोड बघत होता. आमच्या देशात लोक गाड्या अशाच बदलतात, तो म्हणाला, पण दिसायला; हिला तर काम आहे.

तो तीन दिवस राहिला. दुकानातच झोपायचा, आमच्याकडं जेवायचा. त्याच्याजवळ व्हिडिओ कॅमेरा होता आणि आवाज भरून घ्यायचं एक यंत्र होतं. इंजिनाचा, पेटीचा, भोंग्यातून निघणारा, असे एकेक आवाज त्यानं वेगवेगळे भरून घेतले. दादानं अंगणात बसून त्याला आपणच जुळवलेलं विहिरीचं गाणं म्हणून दाखवलं. जाताना तो मला म्हणाला की ते मित्रमित्र मिळून एक मासिक काढणार आहेत, मोटरसायकली आणि संगीत यांचं, पण कागदावरचं नाही. मी दादाला तसंच सांगितलं. कागदावर नाही तर मग कशावर, दादानं विचारलं. ते मला समजलं नव्हतं.

नामांतर झालं त्या जानेवारीत दादाचा आवाज चार दिवस बसला होता, इतकं तो गायला. त्याच वर्षी पोळ्याच्या आधी त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले तरी तो दुकानात जात होता. मग परभणीला दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी तो गेला. चाळिशीला यायला त्याला अजून चार वर्षं होती.

मी तीन दिवसांची रजा काढली आणि चौथ्या दिवशी बोरीला जाऊन दुसरीच्या वर्गाकडून सतराचा पाढा म्हणून घेतला. एका मुलीनं सतरा सक एकशेबारा म्हटलं, ते मी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. बाई लय घट्ट मनाच्या हायत, असं शाळेत म्हणत होते. मनाचं मला काही माहीत नव्हतं. भाताला मीठ कमी पडलं तर कळत नव्हतं, उन्हात चप्पल विसरून चालले तरी पाय भाजल्याचं उशिरा लक्षात यायचं. रडू येत नव्हतं. येईल म्हणून वाट बघायचं, तेही पुढं मी सोडून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले तेव्हा वैनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, माझ्यापुढं एक पुठ्ठ्याचं पाकीट ठेवलं. हॉलंडचा शिक्का होता. दादाच्या नावानं आलेलं, म्हणून तिनं फोडलं नव्हतं. आत प्लॅस्टिकच्या डबीत एक चकचकीत तबकडी निघाली, मधे भोक असलेली. माय म्हणाली, आरसा हाय का काय. सोबत चार ओळींचं पत्र होतं. त्यात एक शब्द मल्टिमीडिया असा होता, तो माझ्या शब्दकोशात सापडला नाही. बाकी कळलं ते इतकं, की हाच त्या मासिकाचा अंक, यात तुझी गाडी आहे, आणि हा कॉम्प्युटरमध्ये घालून बघायचा.

मानवतच्या कॅसेटच्या दुकानदारानं तबकडी बोटावर धरून पाहिली आणि परत दिली. आमच्या हेडमास्तरांच्या पुतण्यानं परभणीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. त्याच्याकडं तबकडी वाचणारं नवं यंत्र आलंय असं त्यांच्याकडून कळलं. मी वैनीला विचारलं. ती येते म्हणाली. माय नको म्हणाली; दादाची तीन वर्षांची लेक तिच्याजवळ राहिली. रडू आलंच तर असावेत म्हणून मी दोन रुमाल घेतले.

क्लासात चपला बाहेर काढायच्या होत्या. खिडक्यांना जाड पडदे, आणि कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड. पुतण्या विशीतला, नम्र पोरगा होता. तबकडीचं यंत्र येऊन त्याला महिनाच झाला होता, त्यामुळं तोही चाचपडतच होता. आधी काळा पडदा आला, मग एक मोठी चकाकणारी टाकी, आणि एकदम गिटार इतक्या जोरात वाजली की त्यानं घाईनं आवाज कमी केला. नंतर एकेक गाडी येत गेली. पुढचं चाक लांब कुठंतरी, हँडल खांद्याच्या वर, दाढीवाले बाप्ये, चामड्याची जाकिटं. कुठंतरी दाबलं की एक गाणं लागायचं, दुसरीकडं दाबलं की इंग्रजी मजकूर उघडायचा. वैनी पदर नीट करून सरळ बसली होती, शाळेच्या तपासणीला बसावं तशी.

वीसेक मिनिटांनी त्याला हिंदुस्थानाचा नकाशा सापडला. तो दाबला, आणि निळी बुलेट आली.

फोटो मोठा होता. टाकीवरची माझी अक्षरं वाचता येत होती. भ थोडा तिरका पडलाय हे मला तिथं दिसलं, प्रत्यक्षात कधी दिसला नव्हता. पुतण्यानं ते उंदरासारखं यंत्र हलवलं आणि इंजिनावर दाबलं. इंजिन सुरू झालं. दादानं लावलेलं, मधेच एक ठोका चुकवणारं तेच इंजिन. पेटीवर दाबलं तर पेटी वाजली. ढोलकीच्या आकड्यावर दाबलं तर ढोलकी. पोरगं खूश झालं, हे फारच भारी केलंय म्हणालं. मग त्यानं भोंग्यावर दाबलं.

"विहीर खांदली बापानं, पानी..."

तिथंच आवाज तुटला. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढंच, पुन्हा पानीपाशी तुटलं. दादाचा आवाज जरा नाकातून यायचा, तो तसाच आला होता. मी वाट बघत होते. काही झालं नाही. समोरच्या कापडावरचा मोर कुठल्या टाक्यानं भरलाय ते मी बघत बसले. साखळी टाका होता.

वैनीनं विचारलं, "ओळ पुरी का व्हत न्हाई?"

पुतण्यानं सांगितलं की तबकडीवर जागा मोजकीच असते, म्हणून असे तुकडे घालतात. वैनीनं मान हलवली.

शेवटी एक हलतं चित्र निघालं. काड्यापेटीएवढं असेल, आणि धक्के खात चालणारं. आमचं अंगण. दादा गाडीला किक मारतो, गाडी लागते, तो कॅमेऱ्याकडं बघून मान वर करतो आणि चौकटीबाहेर जातो. मग उरतं नुसतं अंगण, दोरी, धूर. सगळं अर्ध्या मिनिटाचं.

"ती साडी मपली हाय," वैनी म्हणाली. "दोरीवरची. ती फाटली मागल्या साली."

पुन्हा लावू का, असं त्या पोरानं विचारलं. वैनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, चारची गाडी चुकेल. खरं तर मानवतला जायला दर तासाला गाडी होती, हे तिलाही माहीत होतं. तिनं प्यायला पाणी मागितलं, ते उभ्यानंच प्याली, आणि आम्ही निघालो. रुमाल घडीतच राहिले.

एसटीत वैनीनं खिडकीजवळची जागा धरली. पेडगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, ते बारीक झाल्ते का तवा, का त्या चित्रातच तसं दिसायलंय? मी म्हटलं, चित्रातच तसं दिसतं. ती बरं म्हणाली आणि बाहेर बघू लागली. रानात कापूस वेचायला बाया वाकल्या होत्या.

बोरीला गेल्यावर मी हॉलंडला पत्र लिहिलं. मुलं गणितं सोडवत होती, मी टेबलाशी बसून लिहीत होते. तबकडी मिळाली, पाहिली, सुंदर आहे, गाडीचे आवाज स्पष्ट आले आहेत. दादाबद्दलचं वाक्य मी तीनदा सुरू केलं. माय ब्रदर इथपर्यंत यायचं आणि पुढं इज लिहावं की वॉज, तिथं पेन थांबायचं. मुलांना काळ शिकवणारी मी. शेवटी ते वाक्य गाळलं, खाली सहीच्या जागी दादाचं नाव घातलं आणि पत्र टाकलं.

त्याचं उत्तर संक्रांतीच्या सुमाराला आलं. तो आनंदात होता. गाडीत आणखी काय बदल केले, नवं गाणं कुठलं, पुढच्या अंकासाठी कळव, असं त्यानं दादाला विचारलं होतं. मी ते वैनीला वाचून दाखवलं. माझ्या पत्रात काय होतं तेही सांगून टाकलं. ती रागावली नाही. गहू निवडत होती, तसंच निवडत राहिली.

"लिवा की ताई, ते न्हाईत म्हणून," ती म्हणाली. "त्यो तिकडं वाट बघंल."

मग तिथंच बसून मी लिहिलं. फार सोपं निघालं, पाच शब्दांत झालं. कावीळ लिहिलं. गाडीबद्दल विचारलंस तर ती आता ढोलकीवाला चालवतो, त्याला किक जमत नाही, चौघं ढकलून चालू करतात, हेही लिहिलं. वैनी म्हणाली, लेक हाय म्हणून लिवा. तेही लिहिलं.

महिन्याभरात त्याचं पत्र आलं. या वेळी छोटं होतं. वाईट वाटलं असं लिहून पुढं म्हटलं होतं की पुढच्या अंकात गाडीच्या फोटोखाली तुझ्या भावाचं नाव आणि तो गेल्याची ओळ घालायची आहे, नावाचं स्पेलिंग नीट कळव. मी रविवारी घरी गेले आणि कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत दादाचं नाव काढलं, मग वडलांचं, मग आडनाव. वैनी चुलीपुढून उठून आली आणि हात पुसून कागद जवळ घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं. एकेका अक्षरावर बोट ठेवत ती शेवटापर्यंत गेली.

"एवढं लांब असतंय व्हय त्यांचं नाव?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, इंग्रजीत लांबतं जरा.

कागद मी पोस्टात टाकला. पुढचा अंक आमच्याकडं आला नाही. निघालाच नाही, की निघून वाटेत कुठं राहिला, काही कळलं नाही. त्या उन्हाळ्यात बोरीच्या शाळेला नवीन खोली बांधायला घेतली होती आणि दुसरी-तिसरीचे वर्ग मी कडुलिंबाखाली भरवत होते.