दादाची तीन मिनिटं

आमचा दादा कुठलीही गोष्ट मुळापासून सांगतो. जेवलास का विचारलं, तर भाजी आणायला निघाला तिथून सुरुवात.

इस्पितळाच्या तळघरात त्याची दुरुस्तीची खोली आहे. पंचवीस वर्षं व्हीलचेअर दुरुस्त करतोय, आणि प्रत्येक खुर्ची परत देताना तिच्या दांडीला चिठ्ठी बांधतो. 'डावं चाक किंचित ओढतं.' 'मागे फार रेलू नये.' काय दुरुस्त केलं ते राहिलं बाजूला, उरलेली खोट तेवढी लिहायची.

यंदा वरून ठरलं की जुन्या खुर्च्या भंगारात, खोलीला कुलूप आणि दादा गोदामात. पण दादाने त्याच जुन्या खुर्च्यांना बसेल असा एक ब्रेक बनवला होता. हातात जोर नसलेल्या माणसालाही तो कोपराने लावता येई. इस्पितळाच्या समितीने सभेत तो मान्य केला, तर खुर्च्याही राहणार होत्या आणि खोलीही. बोलायला मिळणार होती तीन मिनिटं.

मी त्याच इस्पितळाच्या कार्यालयात सभांचं इतिवृत्त लिहिते. लोक कुठे कान टवकारतात आणि कुठे जांभया देतात, मला पाठ आहे. म्हणून त्याला शिकवायला बसले आणि कुठून ही बुद्धी झाली असं झालं. स्वयंपाकघरातला टायमर लावला. तीन मिनिटं संपली तेव्हा स्वारी चाकाच्या आऱ्यांपर्यंत पोचली होती. म्हटलं, आधी माणसाची अडचण सांग, मग ब्रेक. त्याने मान डोलावली आणि पुन्हा आऱ्यांपासून सुरू. आठ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच सात वाक्यं लिहून त्याच्याकडून घोटून घेतली आणि बजावलं, खोट सांगायची नाही.

सभेत त्याने सातही वाक्यं घडाघडा म्हटली. अध्यक्ष स्वतः खुर्चीत बसले, कोपराने ब्रेक लावला, दोघांनी मागून ढकललं. खुर्ची जागची हलली नाही. अध्यक्ष मंजूर म्हणाले, मी तसं लिहिलंसुद्धा. अजून चाळीस सेकंद उरले होते. तिथेच घात झाला.

"एक राहिलं," दादा म्हणाला. "ओल्या फरशीवर हा घसरतो."

मी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी विचारलं, मंजूर झाल्यावर हे कशाला सांगताय?

"उद्या खुर्चीत तुम्ही नसणार ना, साहेब."

मी 'मंजूर' खोडून 'महिनाभर स्थगित' लिहिलं.

घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. मग तासभर बोलले. हातातोंडाशी आलेला घास याने स्वतःच्या हाताने घालवला होता. तो रबराच्या तुकड्याला कानस लावत होता. पुढे महिनाभर त्याने खोलीत रोज बादलीभर पाणी ओतलं आणि त्यात खुर्ची ढकलली.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी मी पुन्हा टायमर लावला. म्हटलं, बोल बाबा, आऱ्यांपासून, हवं तिथून.

"आता ओल्यावरही घसरत नाही. पाणी ओता आणि बसून बघा."

मी पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतंच. टायमर आपला टिकटिकत राहिला. असा संताप आला म्हणून सांगू! एवढंच होतं तर आधीच का नाही बोललास, मी विचारलं.

"अगं, आधी घसरत होता ना," दादा म्हणाला.