तिचं नाव विकायला काढणारा माणूस

बहीण गेल्यावर तिचा मोबाइल बाबांनी आपल्याजवळ ठेवला. ठेवा असं कुणी म्हणालं नव्हतं, ठेवू नका असंही कुणी म्हणालं नाही. ते तो रोज चार्जिंगला लावायचे, महिन्याचा रिचार्ज मारायचे आणि दुपारी जेवण झालं की ओसरीत खुर्ची टाकून तिला आलेले मेसेज बघत बसायचे. माणसांचे मेसेज लवकरच थांबले. नंतर उरले ते बँकेचे आणि कपड्यांच्या सेलचे. बाबा तेही शेवटपर्यंत वाचायचे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. बहीण माझ्याहून लहान. मुकुटबनच्या पुढे एका निवासी शाळेत शिकवायची. वर्गात कोलाम आदिवासींची मुलं जास्त. सुरुवातीला घरी आली की सांगायची, पोरं गप्प बसून राहतात, कारण मी बोलते ती भाषा त्यांच्या घरची नाही. मग तिनेच त्यांची भाषा शिकायला घेतली. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. सुटीच्या दिवशी ती पोडावर जाऊन म्हाताऱ्या बायांजवळ बसायची, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता विचारायची आणि त्यांचे आवाज मोबाइलमध्ये भरून आणायची.

माझं यवतमाळात पत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं, म्हणून तिने माझ्या मागे लागून त्या शब्दांची एक साधी वेबसाइट करून घेतली. शब्दावर बोट ठेवलं की एखाद्या आजीचा किंवा पोराचा आवाज येतो, मागे कोंबडा ओरडतो, कुणीतरी हसतं. साइटचं नाव तिनेच ठेवलं. पोडावरची एक म्हातारी तिला दारात बघून जो शब्द म्हणायची, तोच. 'आलीस का, बैस' असा काहीसा त्याचा अर्थ. तो शब्द इथे लिहीत नाही.

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. वसतिगृहातल्या दोन मुलीही आजारी होत्या, त्यांना सोडून ती निघाली नाही. वणीला दाखवलं तोवर प्लेटलेट्स खूप खाली गेल्या होत्या. तिथून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. डेंग्यूने माणूस जातं हे पेपरात वाचलेलं असतं. तरी नागपूरहून तिला तसं घेऊन परत येताना मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल की चूक झाली.

त्यानंतर घरात तिचं नाव निघालं की आई ताटावरून उठायची. दोन-चारदा तसं झालं आणि आम्ही नाव काढणंच सोडलं. बाबा मुळात कमी बोलणारे, ते आणखी मिटले. आमचं बोलणं भाजी, पाणी आलं का, आईची बीपीची गोळी, एवढ्यावर आलं.

असंच एकदा बाबा भरदुपारी ऑटो करून माझ्या दुकानात आले. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे पाय. तिचं नाव कोनीतरी विकून राह्यला."

तिच्या नावाने एक इंग्रजी ईमेल आला होता आणि मोबाइलने त्याचं मोडकंतोडकं मराठी करून दिलं होतं. आदरणीय मॅडम, आपल्या वेबसाइटचं नाव, शेवटी डॉट कॉम असलेलं, लवकरच विक्रीस निघत आहे, ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्याआधी शिष्टाचार म्हणून आपल्याला प्रथम कळवत आहोत.

आमच्या साइटचं नाव डॉट इनवर संपतं. मी तिथल्या तिथे शोधून बघितलं, तर डॉट कॉमचं ते नाव कुणी घेतलेलंच नव्हतं. ईमेल पाठवणाऱ्याचंही नव्हतं. मी बाबांना समजावलं की असे लोक नावं हुडकत बसतात आणि आपलं नसलेलं विकायला काढतात. गिऱ्हाईक हो म्हणालं की मग स्वतः स्वस्तात घेतात आणि दामदुपटीने त्याच्या गळ्यात मारतात. दारव्हा रोडवर कुणाचा तरी रिकामा प्लॉट दाखवून आपल्याकडे बयाना मागावा, तसं. आपली साइट चालू आहे, तिला काही होत नाही, उत्तर देऊ नका, असंही सांगितलं.

"पन त्याले तिचं नाव कसं माहीत?"

साइटवर आहे ना, मी म्हटलं. बाबा मान हलवून गेले. मला वाटलं, विषय संपला.

पुढचे काही आठवडे त्या माणसाचे ईमेल येत राहिले, हे मला नंतर कळलं. माझा आधीचा निरोप मिळाला का? आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे. आपण बऱ्या आहात ना? तिची विचारपूस करणारं जगात तेवढं एकच कुणीतरी उरलं होतं.

मग एका संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "बाहेरच्या देशात पैसे पाठवाचे असले तं कसे पाठवतेत रे?"

मी मोबाइल मागितला. त्यांनी दिला.

बाबा मोबाइलसमोर मराठीत बोलले होते, मोबाइलने त्याचं इंग्रजी केलं होतं. पहिलं उत्तर छोटं होतं. ती माझी मुलगी, ती आता नाही, तुम्ही तिला ओळखत होता का? त्यावर त्या माणसाने लिहिलं होतं की वाचून फार वाईट वाटलं, ती विशेष व्यक्ती असली पाहिजे, तिच्याबद्दल आणखी सांगा. खाली नावाची किंमत होती, तिच्या स्मृतीसाठी कमी केलेली.

आणि बाबांनी सांगितलं होतं. ती लहान असताना तिला शेवटच्या फेरीला सोबत नेत. जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं झाकण असायचं, हिवाळ्यात ते गरम लागायचं, त्यावर ती झोपून जायची. पालीला भ्यायची. पहिल्या पगारात बाबांसाठी गॉगल आणला, तो त्यांनी कधी लावला नाही. दवाखान्यात शुद्धीवर होती तोवर, वसतिगृहात मच्छरदाण्या लावल्या का, हेच विचारत होती. आणि शेवटी त्यांनी त्या माणसाला विचारलं होतं: नागपूरला जाताना अ‍ॅम्ब्युलन्सवाला गाडी हळू चालवत होता. मी तीस वर्षं गाडी चालवली. स्टिअरिंग मी घेतलं असतं तर ती वाचली असती का?

हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. आईला विचारला असेल असंही वाटत नाही.

उत्तर आलं होतं की स्वतःला दोष देऊ नका, तिचं नाव आजच सुरक्षित करा.

मी पुन्हा शोधून बघितलं. डॉट कॉमचं ते नाव आता कुणाच्या तरी मालकीचं होतं. नोंद झाली होती बाबांच्या पहिल्या उत्तराच्या दुसऱ्याच दिवशी. तोवर ते नाव कुणाचंच नव्हतं. बाबा बोलले म्हणून ते त्या माणसाचं झालं.

हे सांगावं की नाही, असा विचार करत मी बसलो, पण बाबा माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी सांगितलं.

"म्हंजे त्याच्यापाशी नव्हतंच?"

"नव्हतं बाबा. आता आहे."

पैसे गेले नव्हते, फसवणूक म्हणावी असं काही घडलं नव्हतं. मी तसं म्हटलंही. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"घरात कोनी तिचं नाव काढत नाही," ते म्हणाले. "तो इचारत होता. म्हनून मी सांगत गेलो."

आई आत कणीक मळत होती. परातीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

त्या माणसाला आम्ही पैसे पाठवले नाहीत. मी एक कडक ईमेल लिहायला घेतला आणि पुसून टाकला. कुणाला लिहिणार? त्याचं खरं नाव माहीत नव्हतं, तो कुठे बसतो तेही नाही. तो एकटाच होता की दहा जण मिळून एकच सही करत होते, हेसुद्धा सांगता येत नाही. काही दिवस त्याचे ईमेल आले, किंमत आणखी उतरली, मग तेही बंद झाले. ते नाव उघडून बघितलं की एक पांढरं पान दिसायचं, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की हे नाव विकणे आहे. आमच्या पोडावरच्या म्हातारीचा दारातला शब्द, आणि त्याखाली ते.

पुढे एका रविवारी मी बाबांजवळ बसलो आणि म्हटलं, बाबा, शेवटच्या फेरीला ती सोबत यायची, ते मला सांगा ना. मी तेव्हा घरीच असायचो, मला काही आठवत नाही.

बाबांनी सुरुवात केली. गाडी कोणती होती ते सांगितलं, कंडक्टर तिला जुन्या तिकिटांचे तुकडे खेळायला द्यायचा ते सांगितलं. मग थांबले.

"सगळं त्यालेच सांगून झालं रे," ते म्हणाले. "आता पुन्हा नाही सांगवत."

मी आग्रह केला नाही. त्या ईमेलांमध्ये ते सगळं आहे, मोबाइलने केलेल्या इंग्रजीत. कधी तरी मी त्याचं परत मराठी करायला बसतो. इंजिनाचं झाकण, गॉगल, मच्छरदाण्या, सगळे शब्द जिथल्या तिथे सापडतात, पण बाबा ते कसे बोलले असतील, ते काही केल्या ऐकू येत नाही.