नांग्या भरल्या तेव्हा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ताईच्या कुरणात कलम्या गुडघे टेकून काटेरी रोपं बुंध्याशी कापतो आहे. प्रत्येक खुंटावर लगेच ब्रशने औषध लावावं लागतं. एखादा राहिला तर एकाच्या जागी पाच फुटवे येतात. सात वाजता त्याची नगरपालिकेच्या रोपवाटिकेत हजेरी असते. तीस वर्षं तो तिथे कलमं बांधतो, म्हणून हे नाव.

रस्त्याकडेची शोभेची नाशपाती त्यानेच लावली. पांढरा फुलोरा, आटोपशीर घेर. सगळी एकाच वाणाची कलमं, त्यामुळे फळ धरत नव्हतं. "कचरा नाही, कटकट नाही," असं तो कौतुकाने सांगायचा. पुढे नऊ झाडं वाऱ्याने उभी फाटली. तो वाण मिळेना, आणि रांगेत खिंडार ठेवणं त्याच्या हाताला जमेना. त्याने त्याच झाडाच्या दुसऱ्या वाणाची कलमं आणून नांग्या, म्हणजे त्या मोकळ्या जागा, भरल्या. दिसायला काही फरक नव्हता. पण दोन वाणांचे पराग एकमेकांना लागले आणि फळ धरलं. वाटाण्याएवढी फळं पाखरांनी खाल्ली आणि बिया कुरणात टाकल्या. उगवलं ते काट्यांसकट. गवत झाकलं गेलं, गाई आत पाय टाकेनात.

आता रोप मागायला येणाऱ्याला तो सांगतो, "हे लावू नका. तुमचं एकटं असलं तरी शेजारच्या वाणाशी जुळतं." माणसं मान डोलावतात आणि रोप घेऊन जातात.

ताई चहा घेऊन कुंपणापाशी आली.

"किती राहिलं रे?"

"ही पट्टी झाली की वरची."

"वरची मागच्या महिन्यात झाली होती ना? माझ्या लग्नातसुद्धा एवढा राबला नव्हतास."

"परत फुटलीय."

"मग रस्त्यावरची तोड की आधी."

"तीन अर्ज दिलेत. साहेब म्हणतात, फुलली की लोक फोटो काढतात."

"इथे येऊन काढा म्हणावं." तिने कप त्याच्या हातात दिला. "गवळ्याशी बोलले मी. तिन्ही गाई घेतोय."

"एक वर्ष थांब, ताई."

"ते गाईंना सांग."

त्याने चहा संपवला, ब्रश धुतला आणि तो कामावर गेला.

उद्या सहा वाजता गवळ्याची गाडी येईल. आठ वाजता रोपवाटिकेतून शोभेच्या नाशपातीची चाळीस कलमं नव्या वसाहतीकडे निघतील. ती गाडीत चढवायची पाळी कलम्याची आहे.