पट्ट्या बांधणार नाही

अब्बा बांबूच्या चिका, म्हणजे दारं-खिडक्यांना लावायचे पडदे, विणायचे. लातुरातल्या डाळमिलांच्या ऑफिसांत, डॉक्टरांच्या दारांवर त्यांच्याच हातच्या चिका असायच्या. एकदा जुन्या सरकारी बंगल्यातला लाकडी पट्ट्यांचा पडदा दुरुस्तीला आला, तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर उलगडला. दोन उभ्या कापडी फिती, मध्ये आडव्या, अगदी शिडीसारख्या. प्रत्येक पायरीवर एक पट्टी नुसती ठेवलेली. एक फीत वर ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम कलायच्या.

"पट्टी कुठं बांधलेली न्हाई, बघ," अब्बा म्हणाले. "म्हणून तर फिरते."

भूकंपानंतर आम्ही कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. शेडला खिडकी नव्हती. तिथंच अब्बांचा दमा बळावला आणि दुकान माझ्याकडे आलं.

पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. काचेच्या इमारती उठल्या आणि चिकांच्या जागी ॲल्युमिनियमचे ब्लाइंड्स आले. "त्यात मशीन असतंय, बाईचं काम न्हाई ते," असं बाजारात जो तो मला ऐकवायचा. मी भंगारातून एक मोडका ब्लाइंड आणला आणि खोलला. शिडी तीच होती. फितीची बारीक दोरी झाली होती, एवढंच. नवं होतं ते वरच्या पेटीत. बाजूला लोंबणारी काडी फिरवली की पेटीतला आटे पाडलेला छोटा दांडा दातेरी चाक फिरवायचा. उलटं मात्र चाक दांड्याला फिरवू शकत नव्हतं, म्हणून पट्ट्या सोडल्या तिथंच थांबायच्या. जुन्या पडद्यातल्या हळूहळू घसरायच्या. एवढ्यासाठी मला घाबरवत होते!

एका क्लासनं मला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या हॉलमध्ये बोलावलं. मुली बाकांवर बसलेल्याच होत्या. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, या ब्लाइंड्सच्या काड्या काढून घ्या आणि पट्ट्या बंद करून कायमच्या बांधून टाका. पोरी रस्त्याकडंच बघत बसत्यात."

"लाईट गेली तर?"

"जनरेटर हाय. तुम्ही सांगितलेलं करा."

मला शेडमधला अब्बांचा श्वास ऐकू आला. मी म्हणाले, "बंदच ठेवायचं तर भिंत बांधा. मी पट्ट्या बांधणार न्हाई."

"मग दुसरा माणूस बघतो."

"बघा," म्हणून मी हत्यारांची पिशवी उचलली. सगळ्या मुली बघत होत्या. जिना उतरले, परत वळले नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचाच निरोप आला. दुसऱ्यानं पट्ट्या तारेनं आवळल्या होत्या. तारेनं दोऱ्या कापल्या आणि निम्म्या पट्ट्या लोंबत होत्या. मी दिवसभर बसून नव्या दोऱ्या ओवल्या. मग पट्ट्यांची बाहेरची कड वर केली, आतली खाली. रस्ता दिसेना, आभाळ दिसायला लागलं, हॉलभर उजेड पसरला.

"हे बेस झालं," ते म्हणाले. "आता काड्या काढा."

"काड्या मुलींच्या हाताशीच राहतील. न्हाईतर आत्ताच सगळं उतरवून ठेवते."

ते स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या मुलीनं हात लांबवला, काडी उलटी फिरवली आणि सरळ रस्त्याकडं बघायला लागली. व्यवस्थापकांनी माझ्याकडं डोळे वटारले.

"बघू द्या की," मी म्हणाले. "दिवसभर फळाच बघतात त्या."