सुगंधाताईंचे पपनसाचे कंदील

सुगंधाताईंवर मी पहिल्यांदा चिडले ती त्यांनी भर वर्गात डोक्यावर पपनसाची साल घातली म्हणून. मी मूळची पुण्याची, ज्ञानदा माझं नाव. मस्कतच्या दक्षिणेला अल अमेरातमधल्या एका छोट्या भारतीय शाळेत मी के.जी.ला शिकवते. माझा वर्ग शिस्तीचा असतो, असं मीच सगळ्यांना सांगत असते.

सुगंधाताई माझ्या वर्गातल्या मदतनीस. वय बेचाळीस, गाव कुडाळजवळचं. नवरा शांताराम दूर दुक्म गावी रिफायनरीच्या कामावर वेल्डर, दोन महिन्यांतून एकदा घरी येणारा. मुलांची नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, सांडलेलं दूध पुसायचं, ही ताईंची कामं. त्यांनी गावी अकरा वर्षं अंगणवाडी चालवलीय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. त्याच्या सहा वर्षं आधी एजंटने त्यांना शिक्षिकेची नोकरी म्हणून इथे आणलं आणि आल्यावर हातात दिला पोछा.

दोन हजार अठरा सालची गोष्ट. त्या वर्षी साहाय्यक शिक्षिकेची एक जागा निघाली आणि ताईंनी अर्ज केला. दुसरा अर्ज मुंबईच्या एका पदवीधर बाईंचा होता, इंग्रजी अगदी फर्डं. आमच्या प्रिन्सिपल नयना मॅडमनी मला विचारलं, तेव्हा मी खांदे उडवले. "ताई चांगल्या आहेत हो, पण शिकवणं वेगळं," असं म्हणाले. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

त्याच सुमाराला वर्गात शिन्यी आली. साडेचार वर्षांची चिनी मुलगी, वडील बंदराच्या कामावरचे इंजिनिअर. शाळेत पाय ठेवल्यापासून ही पोर दाराजवळच्या खुर्चीवर बसायची ती दप्तर पाठीला लावूनच. खाली ठेव म्हटलं की पट्टे घट्ट धरायची. बोलणं नाही, रडणं नाही. घंटा झाली की सगळ्यांच्या आधी दारात. दीड महिना मी चॉकलेटं, स्टिकर, बाहुल्या सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

सप्टेंबरात चिनी लोकांचा चंद्राचा सण येतो. आपली भाद्रपदातली पौर्णिमा, तोच त्यांचा दिवस. घरोघरी कंदील लावतात आणि चंद्र बघत गोड खातात. नयना मॅडमनी ठरवलं की आपणही मुलांकडून कंदील करून घ्यायचे, संध्याकाळी पालकांना बोलवायचं, म्हणजे शिन्यीला जरा आपलं वाटेल. काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी इंटरनेटवरून लाल कागदाच्या कंदिलाचे नमुने छापून आणले. घडी घाला, रेघांवर कापा, गुंडाळा, स्टेपल मारा.

आणि नेमकं त्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत शिन्यीच्या डब्यात पपनसाच्या फोडी निघाल्या, सोबत सालीचा एक वाटीएवढा तुकडा. पोरीने तो उचलला आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवला. दीड महिन्यात तिने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. आमचा आर्यन फिदीफिदी हसला, मग सगळा वर्ग हसला. शिन्यीने साल काढून डब्यात टाकली. तेवढ्यात सुगंधाताई पुढे झाल्या, त्यांनी तो तुकडा उचलला आणि आपल्या डोक्यावर घातला. तशाच त्या टेबलं पुसत हिंडल्या. वर्गात हा गोंधळ! मी ताईंना सगळ्यांसमोर झापलं.

सुट्टी झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, कोकणात गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, पपनस टांगतात, आणि विसर्जनानंतर आम्ही पोरं त्याच्या सालीचे कंदील करायचो. हिच्याकडेही तसंच काही करत असणार, नाहीतर आईने साल कशाला दिली असती? आपण पपनसाचे कंदील करू. मी नाक मुरडलं. फळांची सालं वर्गात आणून मुंग्यांना आमंत्रण द्यायचंय का, म्हणाले. 

इथे सुट्टी शुक्र-शनिवारी, त्यामुळे माझे लाल कागदाचे कंदील रविवारच्या वर्गात झाले. झाले म्हणजे काय, मी केले. के.जी.च्या बोथट कात्रीने जाड कागद कापला जाईना, निम्म्या मुलांनी रेघ सोडून आरपार कापलं, इराने कंदिलाचे दोन तुकडे करून भोकाड पसरलं. मग मीच बसले आणि सोळाच्या सोळा कंदील स्वतः कापून चिकटवले. छान दिसत होते, अगदी दुकानातल्यासारखे. मुलं तोवर कंटाळून एकमेकांचे बूट लपवत होती. शिन्यीच्या हातात मी कंदील दिला, तिने तो टेबलावर ठेवला आणि दाराकडे बघत बसली.

सोमवारी, म्हणजे सणाच्याच दिवशी, सुगंधाताई आठ पपनसं घेऊन आल्या. हायपरमार्केटमध्ये लाल जाळीत बांधलेली चिनी पपनसं मिळतात, ती. मला न विचारता. माझा पारा चढलाच होता, पण नयना मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "करू दे गं त्यांना एक तास. तुझे कंदील आहेतच."

तो तास मी मागच्या बाकावर बसून बघितला. ताईंनी पपनसाचं वरचं टोक झाकणासारखं कापलं आणि चमच्याच्या पाठीने गर सालीपासून हळूहळू सुटा केला. मग मुलांना अंगठे आत घालून ढकलायला लावलं. एका पपनसाला दोन मुलं. गर निघाला की ज्याच्या हाताने निघाला त्यानेच तो सगळ्यांना वाटायचा. रिकाम्या सालीला भोकं पाडायची ती पेनाच्या टोपणाने. टोपण दाबायचं, फिरवायचं, ओढायचं. जाड मऊ सालीत ते लोण्यात गेल्यासारखं जातं, कात्री लागतच नाही. दातकोरणीने सालीवर नाव कोरायचं, दुपारपर्यंत ते तपकिरी होऊन उमटतं. दाभणाने सुतळी ओवायचं काम तेवढं ताईंनी स्वतःकडे ठेवलं. आर्यनची सगळी भोकं एकाच बाजूला झाली, म्हणून मी सवयीने उठले, तर ताईंनी मला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, "असू दे मॅडम. त्याचं भोक त्याचं."

मग कापलेल्या झाकणांच्या टोप्यांवरून भांडण जुंपलं. झाकणं आठ आणि डोकी सोळा. ताईंनी झाकणं अर्धी केली, तर ती कुणाच्याच डोक्यावर राहीनात. तेव्हा शिन्यी उठली. आर्यनच्या डोक्यावरचं झाकण काढून तिने उलटं केलं, दाबलं, नीट बसवलं, आणि चिनीत त्याला काहीतरी चांगलं लांबलचक सुनावलं. आर्यन मुकाट्याने मान ताठ करून उभा राहिला. मग ती रांगेने एकेकाच्या डोक्याकडे वळली. इतकं बोलली पोर, इतकं बोलली! दप्तर कधी खाली ठेवलं ते तिलाही कळलं नसावं. ताईंनी ते उचललं आणि तिच्या नावाच्या खुंटीला अडकवलं. दीड महिना ती खुंटी रिकामी होती. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच फळा पुसायला घेतला.

संध्याकाळी सहाला पालक आले. आत बॅटरीचे छोटे दिवे ठेवून पपनसं मैदानावरच्या दोरीला टांगली होती. वाकडीतिकडी, एकीकडे झुकलेली, आणि खाली उभं राहिलं की आंबट-कडसर वास. माझे लाल कंदील शेजारीच होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. अमेरातच्या उघड्या डोंगरामागून चंद्र वर आला. शिन्यीची आई बराच वेळ एका कंदिलाखाली उभी राहिली. मग फोनवर भाषांतर करून तिने मला दाखवलं की तिच्या आजीच्या गावी असेच करतात, आणि टीचर, तुमचे आभार. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी "थँक यू" म्हणून मोकळी झाले. 

पाच मिनिटांनी मी नयना मॅडमना गाठलं आणि सांगून टाकलं की यात माझं काहीही नाही. ती जागा ताईंना द्या. मी आधी बोलले ते मूर्खपणाचं होतं. मॅडम म्हणाल्या, त्यांनी तो तास बघितलाय आणि त्यांचं ठरलंय. सकाळी ताईंनी कागदावर सही करायची. आठ वाजता शाळेचा मंदूब, म्हणजे सरकारी कागद फिरवणारा ओमानी माणूस, ते घेऊन जाईल. त्यानंतर तो तीन आठवडे रजेवर जाणार होता, आणि मालकांना जागा तोवर रिकामी ठेवायची नव्हती. उद्या सही नाही, तर जागा मुंबईच्या बाईंची.

मी धावत ताईंना सांगायला गेले. त्या कंदील उतरवत होत्या. आनंद राहिला बाजूला, त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, उद्यापासून पितृपक्ष. पंधरा दिवस थांबता येणार नाही का?

आता काय बोलायचं माणसाने? मी संतापले. मुलं सांभाळणारी एवढी शिकलीसवरली बाई, आणि हे काय खूळ, म्हणाले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पहिली सही मी पितृपक्षातच केलेली, मॅडम. सासू नको म्हणत होती. एजंट म्हणाला, आज नाही तर खलास. त्या सहीचं काय झालं ते तुम्ही रोज बघताय."

 शेवटी तोडही त्यांनीच काढली. घरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमा मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत आहे. साडेसातला सही केली तर ती पौर्णिमेतच झाली. माझा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन मी हे नवऱ्याला, धनेशला, कौतुकाने सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "दिनदर्शिकेतली वेळ भारतातली असते. इथे आपण दीड तास मागे. तुमची पौर्णिमा सकाळी सहा पन्नासला संपणार." माझा घास हातातच राहिला. शाळेचं फाटक सातला उघडतं. ताईंना सांगावं, तर त्या सही करणार नाहीत. सांगू नये, तर मी एका बाईची तिच्या श्रद्धेत फसवणूक करणार. खूप विचार केला आणि नाही सांगितलं.

सकाळी सात चाळीसला ताईंनी कागद कपाळाला लावला आणि सही केली. मी खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवसापासून सुगंधाताई आमच्या साहाय्यक शिक्षिका झाल्या. शिन्यीचं दप्तर रोज खुंटीला लागू लागलं.

वर्षभर ते माझ्या मनाला टोचत राहिलं. पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघी पुन्हा पपनसं कोरायला बसलो, तेव्हा मी एकदाचं कबूल केलं. आठ वीसची वेळ चुकीची होती, मला माहीत होतं, मी बोलले नाही. ताईंचा चमचा थांबला नाही.

"मला ठाऊक होतं, मॅडम. तुमच्याशी बोलताना नाही, पण परतताना बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. दरवर्षी गणपतीचा मुहूर्त मी दीड तास मागे करूनच धरते की."

 मग सही का केलीत, असं मी विचारलं.

त्यांनी गर सुटा करून परातीत ठेवला आणि हात पुसले.

"पंधरा दिवस थांबले असते तर दुसरी बाई आली असती. शिन्यीने दप्तर परत पाठीला लावलं असतं," त्या म्हणाल्या. "पितरांना मी सांगितलं, ह्या वेळी तुम्ही थांबा."