सोमवारची यादी

समजा, तुम्हाला एक काम दिलं आहे. समोर तीन तक्ते आहेत. पहिल्यात रुग्णांची नावं, वय, फोन नंबर. दुसऱ्यात त्यांच्या तपासण्या आणि निकाल. तिसऱ्यात, कोणाला पुन्हा कधी बोलावलं आणि ते माणूस आलं की नाही. तिन्ही तक्त्यांना जोडणारा धागा एकच, केसपेपरचा नंबर. यातून तुम्ही फक्त अशी माणसं वेगळी काढायची, ज्यांचा निकाल संशयास्पद आहे, ज्यांची यायची तारीख उलटून गेली आहे आणि जी अजून आलेली नाहीत. सोमवारी सकाळी नऊच्या आत ही यादी फोन करणाऱ्या सिस्टरच्या टेबलावर पडली पाहिजे. तुम्ही अटी लिहिता, बटण दाबता, तेवीस नावं येतात. ही तेवीस नावं बरोबर आहेत का, ते तुम्ही एकेक करून पडताळता. पण जी नावं आलीच नाहीत, ती पडताळायला कुठे जाता?

ताई हे काम सव्वातीन वर्षं करत होत्या.

त्याआधी अठरा वर्षं त्यांनी त्याच इस्पितळात केसपेपर लावले. नोंदणीची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे. खिडकी उघडली की शेजारच्या एसीची गरम वाफ आत यायची, म्हणून ती बंदच असायची. कागदांच्या धुळीने ताईंना बारा महिने सर्दी. मग कॉम्प्युटर आले, रॅक गेले, बरोबरीच्या दोघीजणी दुसऱ्या विभागात गेल्या. ताईंनी मात्र शेहेचाळिसाव्या वर्षी कंबर कसली. लॅबमधल्या तंत्रज्ञाला, सगळे ज्याला भाऊ म्हणत, त्याला गाठून दुपारच्या डब्याच्या वेळात तक्ते जोडायला शिकल्या. अट कशी लावायची, नको त्या ओळी कशा गाळायच्या, हे हाताशी आल्यावर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. भाऊ त्यांना चाळणीताई म्हणू लागला.

"काय चाळणीताई, आज किती खडे निघाले?"

"तेवीस. आणि एक तू. तुझ्याकडे एक रक्ताचा रिपोर्ट कालपासून अडकलाय."

सोमवारची यादी ही ताईंनी स्वतः, कोणाची मदत न घेता बांधलेली पहिली गोष्ट. तिच्यामुळे शेकडो माणसं वेळेवर परत आली. विभागप्रमुख बाईंनी भर बैठकीत तसं सांगितलं, तेव्हा ताई घरी जाऊन अक्काला दोनदा तेच सांगत बसल्या. अक्का म्हणजे थोरली बहीण. त्याच इस्पितळात वॉर्डात सिस्टर होती, आता निवृत्त. लग्न दोघींचंही नाही. दोन खोल्यांचं घर, आणि दिवसभर एकमेकींना टोचून बोलायची सवय.

एका बुधवारी नोंदणीच्या काउंटरच्या खिडकीपाशी एक शिंपी आला. साठीचा, शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या अडकलेल्या. बायकोचे जुने कागद हवे होते, मृत्यूच्या दाखल्याबरोबर कुठेतरी जोडायला. ताईंनी नंबर टाकला. चौदा महिन्यांपूर्वी छातीतल्या गाठीची सुईने तपासणी. निकाल, संशयास्पद. त्यापुढे काहीच नाही.

"पुन्हा दाखवायला आला नाहीत?" ताईंनी विचारलं. आवाजात थोडी जरब होतीच. न येणाऱ्या माणसांवर त्यांचा राग असे.

"डॉक्टर रजेवर होते त्या आठवड्यात," शिंपी म्हणाला. "खिडकीवर सांगितलं, काही असलं तर फोन येईल. नाही आला तर काळजीचं काही नाही समजा. हिने आठ-दहा दिवस फोन उशाशी घेतला. नाही आला. मग आम्ही पेढे... म्हणजे, बरं वाटलं आम्हाला."

कागद काढून द्यायला दोन दिवस लागतील, असं ताईंनी सांगितलं. खरं तर पाच मिनिटांचं काम होतं.

तो गेल्यावर त्यांनी जुन्या याद्या उघडल्या. चौदा महिन्यांतले सगळे सोमवार. शिंप्याच्या बायकोचं नाव एकाही यादीत नव्हतं. फोन नंबर होता, निकाल होता, ती आली नव्हती हेही खरं होतं. मग ताईंचं लक्ष तिसऱ्या तक्त्याकडे गेलं. डॉक्टर रजेवर, म्हणून पुन्हा यायची तारीख कोणी दिलीच नव्हती. रकाना कोरा.

ताईंची अट होती, तारीख आजच्या आधीची असावी. कोरी तारीख आजच्या आधीची आहे का? कॉम्प्युटर या प्रश्नाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि यादीत फक्त हो वाल्या ओळी येतात. ज्यांना तारीख मिळाली आणि जे विसरले, त्यांना फोन जात होता. ज्यांना तारीखच दिली नव्हती, ज्यांना 'फोन येईल' असं सांगून घरी पाठवलं होतं, ते नेमके गळत होते. यादी नेहमीसारखी भरलेली असायची, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

बांधताना चाचणी केली नव्हती का? केली होती. ताईंनी पन्नास केसपेपर निवडून त्यांच्यावर यादी चालवून पाहिली होती. पण त्या पडल्या टापटिपीच्या. अर्धवट भरलेले, डाग पडलेले केसपेपर त्यांनी बाजूला ठेवले आणि सुवाच्य, सगळे रकाने भरलेले पन्नास घेतले. सगळी नावं बरोबर आली होती.

त्यांनी अट दुरुस्त केली आणि बटण दाबलं. सव्वातीन वर्षांतली एकेचाळीस नावं आली.

घरी अक्का शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आमच्या रजिस्टरात कोरी जागा दिसली की हेडसिस्टर सगळ्यांदेखत हजेरी घ्यायची. डोळ्यांत खुपायची ती जागा."

"मला आत्ता तेच सांगायचंय का तुला?"

"नाही गं. जेव." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "खिडकीवर फोन येईल म्हणून सांगणारी तू नव्हतीस. तारीख न देणारी तू नव्हतीस."

"यादी माझी होती, अक्का."

दुसऱ्या दिवशी त्या विभागप्रमुख बाईंकडे गेल्या. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बाई नव्हत्या, पण डोक्यावर पन्नास व्याप. "दुरुस्त केलंत ना? मग झालं. सिस्टिममध्ये त्रुटी होती असं लिहून द्या."

"सिस्टिम म्हणजे मीच की, बाई."

"असं नका बोलू बाहेर कुठे."

"त्या एकेचाळीस जणांना फोन?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "करा," म्हणाल्या. "मी सही करते. पण शांतपणे करा."

चार दिवस ताई आणि फोनवाली सिस्टर फोन करत होत्या. काहीजणांनी दुसरीकडे दाखवून उपचार घेतले होते. काहीजण धडधाकट होते, आत्ताच्या फोननेच त्यांचं धाबं दणाणलं. एका बाईने ताईंना अशा शिव्या घातल्या की सिस्टरने रिसीव्हर हातातून काढून घ्यायला हात पुढे केला. ताईंनी दिला नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिला शुक्रवारची तारीख दिली. सात घरांतून, "ते आता नाहीत," असं उत्तर आलं. त्यातल्या पाचांचं कारण वेगळंच होतं. दोघांचं विचारायचं धाडस ताईंना झालं नाही, ते सिस्टरने विचारलं. त्या आठवड्यात भाऊ डबा घेऊन येऊन बसायचा, पण चाळणीताई म्हणून एकदाही हाक मारली नाही. ते त्यांना जास्तच लागलं.

मधल्या शुक्रवारी शिंपी कागद न्यायला आला. ताईंनी पाकीट खिडकीतून दिलं नाही. त्याला आत बोलावून खुर्ची दिली. सगळे शब्द रात्रभर पाठ केले होते, ते ऐन वेळी गेले.

"तुमच्या घरातून हयगय झाली नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव माझ्या यादीत यायला हवं होतं. मी यादी चुकीची बांधली, म्हणून आलं नाही. म्हणून फोन गेला नाही."

शिंप्याने पाकिटाची कड दोन बोटांनी चाचपली, शिवण बघावी तशी.

"कोणत्या दिवशी यायचा होता फोन?"

ताईंनी तारीख सांगितली. तो सोमवार.

"सोमवारी ती घरीच असायची," तो म्हणाला. मग पाकीट मांडीवर ठेवत, "तेव्हा कळलं असतं तर?"

"ते मला नाही सांगता येणार, दादा. मी डॉक्टर नाही."

"पण तुमच्याकडे सगळ्यांचं लिहिलेलं असतं ना?"

तो ओरडला नाही. तक्रार कुठे करायची तेही त्याने विचारलं नाही. ताईंनीच तक्रारीचा अर्ज काढून पाकिटात घातला आणि दाखवला. त्याने मान हलवली आणि गेला. जाताना खुर्ची होती तशी टेबलाला लावून ठेवली.

नंतर ताईंनी मोठ्या सर्जनना विचारून पाहिलं. ते म्हणाले, असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही. बरोबरच होतं ते. पण शिंप्याचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. सगळ्यांचं लिहिलेलं असतं. खरंच असतं की.

त्यांनी तिन्ही तक्ते पुन्हा जोडले. अटी घातल्या. तीच तपासणी. तोच निकाल. वय पन्नास ते साठ. गाठीचं माप तेवढंच, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. आणि फोन वेळेवर गेलेला. या खेपेला कोऱ्या रकान्यांच्या ओळी वेगळ्या काढून एकेक डोळ्यांखालून घातली, मगच बटण दाबलं.

नऊ बायका निघाल्या. सहाजणी अजून तपासणीला येतात. परवाच त्यातली एक खिडकीवर रांगेवरून भांडून गेली होती. तिघींच्या नावापुढे मृत्यूची तारीख आहे, आणि त्यानंतर काही नाही.

ताईंनी तो कागद छापला नाही, कोणाला दाखवलाही नाही. सोमवारची यादी आता वेळेवर जाते, कधी तीस नावांची, कधी चौतीस. ती दिल्यावर, दुसरं काम हातात घेण्याआधी, त्या अधूनमधून त्या नऊ ओळी उघडून बसतात. त्यांना सर्जनना नाही, अक्काला नाही, कोणाला तरी एवढंच विचारायचं आहे: शिंप्याची बायको त्या सहाजणींत असती, की तिघींत?